गोड रक्त

दुपारी तीनच्या सुमारास गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले, तेव्हा गवती चहाच्या कुंडीखालच्या ताटलीत काहीतरी वळवळताना दिसले. चष्मा लावून वाकून पाहिले, तर साचलेल्या बोटभर पाण्यात पंधरा-वीस अळ्या डोके खाली, शेपूट वर अशा लटकल्या होत्या आणि माझी सावली पडताच सगळ्या आळोखेपिळोखे देत तळाशी पळाल्या. हा गवती चहा मी चहात घालण्यासाठी आणलेला नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका रोपवाटिकेतून तो घेतला, कारण तिथल्या माळ्याने छातीवर हात ठेवून सांगितले होते, “ताई, हे एक रोप ठेवा, डास गॅलरीत पाय ठेवणार नाही.” त्याचा शब्द अक्षरशः खरा ठरला असेच म्हटले पाहिजे, कारण अळ्यांना पाय नसतात.

गवती चहाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा जो काही गुण आहे तो पानातल्या तेलात आहे, आणि पान चुरडल्याशिवाय ते तेल फारसे बाहेर पडत नाही. कुंडीत नुसते उभे राहून कोणतेही झाड पहारा देत नसते. सिट्रोनेलाचे तेल ज्या गवतापासून काढतात ते तर याचे चुलत भावंड, हे नव्हेच. पाने चुरडून हातापायांना चोळली तर वास सुरेख येतो, पण तो भराभर उडून जातो आणि थोड्याच वेळात आपण पुन्हा डासांच्या स्वाधीन होतो. हे सगळे मला ठाऊक होते आणि तरीही मी रोप घेतले, कारण डासांच्या बाबतीत माझी अवस्था बुडत्यासारखी आहे आणि गवती चहा ही शेवटी काडीच.

मंडळी चार असोत की चाळीस, डास आधी मला शोधून काढतात. सोमेश्वरला काठावर बसा, लग्नाच्या लॉनवर जेवायला बसा, द्राक्षाच्या मळ्यात कोणाकडे हुरड्याला जा, पाच मिनिटांत मी घोटे खाजवू लागते आणि शेजारचे विचारतात, “डास आहेत का इथे?” आमच्या घरी याचे स्पष्टीकरण एका वाक्यात होत असे आणि ते वाक्य आजीचे होते: “तिचं रक्तच गोड गं.”

आमचा वाडा पंचवटीत, गंगेपासून हाकेच्या अंतरावर होता. (गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा, हे तेव्हा आम्ही धरूनच चालत असू.) उन्हाळ्यात पात्र आटून खडकांमध्ये डबकी उरत आणि पावसाळा संपता संपता वाड्यामागची गटार तुंबे, त्यामुळे डासांना बारमाही काम होते. दिवेलागणीला आजी धुरी करत असे. त्यासाठी तिचे एक फुटके लोखंडी घमेले ठरलेले होते. त्यात गोवरीचे तुकडे पेटवून निखारे झाले, की त्यांवर कडुनिंबाचा अर्धवट सुकलेला पाला, परसातल्या निर्गुडीच्या डहाळ्या आणि आठवडाभर डब्यात साठवलेली लसणाची साले ती टाकायची. पाला खडखडीत वाळलेला असला तर भडकतो आणि हिरवागार असला तर निखारे विझवतो, म्हणून ती प्रत्येक मूठ आधी बोटांत चुरून पाहायची; भाकरीच्या पिठाकडेही तिने इतके लक्ष दिलेले मला आठवत नाही. मग फडक्याने घमेले धरून माजघर, स्वयंपाकघर, जिन्याखालची अडगळ अशी फेरी होई. डास घराबाहेर जात यात शंका नाही, पण आम्हीही जात असू. नाकाडोळ्यांतून पाणी गाळत, खोकत, सगळे घर ओट्यावर येऊन बसे आणि तिथे नुकतेच बाहेर पडलेले डास आमची वाट पाहत असत.

ओट्यावर माझी जागा ठरलेली होती. “हिला मधे बसवा,” असे काका म्हणायचे, “म्हणजे बाकीच्यांची सोय होते.” माझी धाकटी बहीण मला अगदी चिकटून बसायची आणि त्या चिकटण्याला मी कित्येक वर्षे माया समजत होते. मोकळ्यावर डासांपासून वाचण्याचा याहून निर्धोक, बिनखर्ची आणि पूर्णतः नैसर्गिक उपाय मला आजतागायत सापडलेला नाही: आपल्यापेक्षा गोड रक्ताच्या माणसाशेजारी बसावे. अडचण एवढीच, की मला तसे माणूस कधी भेटले नाही.

आजोबांना माझी दया येत असे. ते खोबरेलात थोडे कडुनिंबाचे तेल मिसळून माझ्या हातापायांना चोळायचे. त्या तेलाला लसूण आणि खवट शेंगदाणे एकत्र कुटल्यासारखा वास येतो आणि आंघोळीनंतरही तो अंगावर रेंगाळतो, त्यामुळे शाळेत दुसऱ्या बाकावर मी एकटी आणि तिसऱ्यावर चौघी अशी विभागणी झाली होती. पुढे वाचनात आले, की १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेलातल्या केवळ २ टक्के कडुनिंबाच्या तेलाने हिवतापाच्या डासांना रात्रभर दूर ठेवले होते. क्युलेक्स, म्हणजे आपल्या नेहमीच्या गटारी डासांवर त्याचा परिणाम त्या मानाने कमी होता. आजोबांचे प्रमाण २ टक्क्यांहून बरेच जास्त असावे, असे तिसऱ्या बाकाच्या साक्षीवरून वाटते.

रक्ताच्या गोडीचा मुद्दाही शास्त्रज्ञांनी निकालात काढला आहे, आणि मला त्याचे थोडे वाईट वाटले. डासाची मादी आपल्याला शोधते ती श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि कातडीच्या वासावरून. रक्ताची चव तिला सोंड खुपसल्यानंतर कळणार. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका संशोधनात ६४ जणांनी हातांवर नायलॉनचे मोजे चढवून आपला वास त्यांत उतरवला, आणि मग डासांना कोणाचा मोजा आवडतो हे पाहिले गेले. ज्यांच्या कातडीवर कार्बोक्झिलिक आम्ले जास्त, त्यांच्याकडे डास जास्त वळले. त्यातल्या ३३ क्रमांकाच्या व्यक्तीचा मोजा तर सर्वांत नावडत्या मोज्याच्या शंभर पटींनी लोकप्रिय ठरला. ही आवड वर्षानुवर्षे टिकते, असेही त्यात दिसले. त्या ३३ क्रमांकाला मी कधी पाहणार नाही, पण तिच्या घरच्या ओट्यावर तिला कुठे बसवत असतील, हे मी डोळे मिटून सांगू शकते.

ओट्यावरचा खरा इलाज आजोबांचा विंझणा होता. डास उडण्यात मोठा दुबळा असतो. साध्या वाऱ्यासमोरही त्याचे काही चालत नाही, शिवाय आपल्या उच्छ्वासाचा माग वाऱ्याने पांगतो तो वेगळाच. पुढे वाड्यात टेबलफॅन आला, तो लांब वायरने ओट्यावर आणून पायांच्या उंचीला ठेवत, कारण डास घोट्यांकडे वळतात. टेबलफॅनला नैसर्गिक म्हणायचे की नाही, या वादात मी पडत नाही. वारा तर नैसर्गिकच असतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या वाळवीच्या पाखरांना मात्र वाऱ्याची पर्वा नसे. त्यांच्यासाठी दिव्याखाली पाण्याची परात मांडली जाई आणि सकाळी ती बघवत नसे.

मी सहावीत असताना आमच्या घरात हिवताप आला, आणि तो मला नव्हे, बहिणीला. दोन गोधड्या आणि एक घोंगडी अंगावर घेऊन ती दुपारच्या उन्हात कुडकुडायची, मग घामाने भिजून शांत झोपायची, दुसऱ्या दिवशी अंगणात खेळायची आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा दात वाजू लागायचे. बोट टोचून काचपट्टीवर रक्त नेणारा कर्मचारी येऊन गेला, कडू गोळ्या आल्या. आजीने तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हटले, “हिचंही रक्त गोडच निघालं हो.” मी दारात उभी होते आणि मला मत्सर वाटला. शेकडो चावे मी घेतले होते, ओट्यावर मध्ये मी बसत होते, आणि माझी पदवी हिने एका चाव्यात नेली. ती इतकी अशक्त झाली होती की तिला न्हाणीघरापर्यंत धरून न्यावे लागत असे, हे त्या वेळी माझ्या हिशेबात नव्हते.

ती आता नाशिकरोडला राहते आणि तिला झाडे, धुरी, तेल यांपैकी कशाचेही कौतुक नाही. तिचा विश्वास फक्त कोरड्या दिवसावर आहे. आठवड्यातून एकदा घरातले सगळे साठलेले पाणी ओतून टाकायचा हा दिवस सरकारी आरोग्य खाते वर्षानुवर्षे आपल्याला पाळायला सांगत आले आहे. या वाइनच्या शहरात ‘कोरडा दिवस’ म्हटले की लोकांच्या मनात भलतेच येते, हा भाग निराळा. तिचे गणित सरळ आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा सातव्या दिवसाच्या आत पाणी ओतले की विषय संपला. दर रविवारी ती माझ्याकडे येते, चपला काढते आणि चहा व्हायच्या आधी गॅलरीत जाऊन एकेक ताटली तिरपी करून पाहते. नुसते ओतून भागत नाही, असेही ती बजावते. पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा जो दिवसाढवळ्या चावणारा डेंगीचा डास, तो पाण्याच्या जरा वर भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून ताटली घासायची.

अळ्यांचे पाणी मी मोरीत न टाकता शेजारच्या कुंडीतल्या कोरड्या मातीवर ओतले आणि माती ते पिईपर्यंत बघत उभी राहिले. तेवढ्यात कोपरावर काहीतरी चावलेच. घासणी मोरीत आहे आणि मी इथे कोपर खाजवत बसले आहे. आज शनिवार.