पंप अनेक, ब्रॅकेट तीन

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात एंड-सक्शन पंपांची (एका टोकाकडून पाणी आत घेणाऱ्या पंपांची) मालिका ऑर्डरी येतील तशी वाढत गेली होती. नवा साइज आला की नवा शाफ्ट (फिरणारा दांडा), नवं बेअरिंग ब्रॅकेट (त्याची बेअरिंग धरणारा सांगाडा), नवा पॅटर्न (ओतकामाचा नमुना). स्टोअरमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाचे शाफ्ट शेजारी शेजारी पडलेले असायचे, आणि हवा तो मात्र सापडायचा नाही. ही सगळी मालिका नव्यानं बांधायचं काम माझ्याकडे आलं.

काय एकसारखं करायचं नाही, हे मी आधी ठरवलं. पाण्याला वळण देणारे भाग, म्हणजे इम्पेलर (आतलं फिरतं चाक) आणि केसिंग (त्याभोवतीचं कवच), प्रत्येक साइजचे स्वतंत्रच राहणार. तिथे काटकसर केली की पंपाची कार्यक्षमता घसरते आणि त्याची भरपाई गिऱ्हाईक वीजबिलातून वर्षानुवर्षं करत राहतं. हे मला कदापि मान्य नव्हतं. शाफ्ट, बेअरिंग, सील (शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग) आणि ब्रॅकेट यांची गोष्ट वेगळी, ते एकसारखे करता येतात.

इम्पेलरच्या व्यासांची शिडी आयतीच होती: 125, 160, 200, 250, 315 मिलिमीटर. प्रत्येक माप आधीच्याच्या साधारण सव्वापट. फ्रेंच सैन्यातल्या चार्ल्स रेनार यांनी एकोणिसाव्या शतकात बलूनच्या दोरांच्या मापांची गर्दी कमी करायला अशीच गुणोत्तरी श्रेणी वापरली होती. पायऱ्यांच्या मधलं हेड (पंप पाणी चढवतो ती उंची) हवं असेल तर इम्पेलर लेथवर कातून त्याचा व्यास कमी करायचा. हेड साधारण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. त्यासाठी नवा पॅटर्न लागत नाही.

खरा वेळ शाफ्टनं घेतला. आधी प्रत्येक पंपाचा टॉर्क, म्हणजे शाफ्टला पीळ देणारा जोर, काढला: किलोवॅट गुणिले 9550, भागिले आरपीएम. साडेसात किलोवॅटचा पंप 2900 आरपीएमला सुमारे 25 न्यूटन-मीटर मागतो. तोच पंप 1450 ला चालवला की पॉवर आठवा हिस्सा आणि टॉर्क चौथा हिस्सा होतो. हे तक्त्यात मांडल्यावर साइजचे गट आपोआप दिसू लागले आणि कपलिंगपाशी (मोटर जोडतात त्या टोकाला) 24, 32 आणि 42 मिलिमीटर असे तीन शाफ्ट निघाले, म्हणून ब्रॅकेटही तीनच. युरोपातल्या प्रमाणित पंपांतही हीच मापं दिसतात, त्यामुळे धीर आला.

पण टॉर्कवर सगळं ठरत नाही. इम्पेलर शाफ्टच्या टोकाला लोंबकळत असतो. व्हॉल्व्ह अर्धवट बंद केला की व्होल्यूटमधला (केसिंगच्या शंखासारख्या पोकळीतला) दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि शाफ्ट बाजूला ढकलला जातो. सीलपाशी शाफ्ट 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त वाकू द्यायचा नाही, ही मर्यादा मी धरली. हेड मोठं पण पॉवर कमी, असा एक पंप टॉर्कमध्ये 24 च्या गटात बसत होता, वाकण्यात मात्र बसेना. त्याला 32 चा शाफ्ट दिला. उलट सगळ्यात लहान पंपालाही 32 चाच द्यावा, म्हणजे दोनच ब्रॅकेट पुरतील, असा आग्रह झाला, तो मी मानला नाही. जाड शाफ्टचा हब (इम्पेलरचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) लहान इम्पेलरच्या तोंडातच जागा अडवतो.

जोडणीचा सगळा भार आम्ही केसिंग कव्हरवर टाकला. बाहेरची कड केसिंगच्या मापाची आणि आतला स्पिगॉट (जुळवून बसवायची गोल कड), बोल्टांचं वर्तुळ व सीलची जागा ब्रॅकेटच्या मापाची. त्यामुळे कव्हरं बरीच झाली, पण ती साधी कास्टिंगं आहेत. ब्रॅकेटचं मशिनिंग नाजूक, दोन्ही बेअरिंगच्या जागा एका रेषेत यायला हव्यात. आता त्यासाठी तीन चांगले फिक्स्चर (मशिनवर भाग पकडून ठेवायची साधनं) करता आले.

जुने पॅटर्न मोडीत काढू नका, हे मात्र मी खरेदी विभागाला बजावून सांगितलं. ऊसमळ्यांत आणि गिरण्यांत चालणाऱ्या जुन्या पंपांना सुटे भाग लागतच राहणार.

सध्या पंप आणि मोटर ज्यावर बसतात ती बेसफ्रेम हातात घेतली आहे. मोटरच्या फ्रेमचा आकडा म्हणजे शाफ्टच्या मध्याची मिलिमीटरमधली उंची. 132 ची मोटर 160 उंचीच्या पंपाला जोडायची तर मोटरच्या पायांखाली 28 मिलिमीटर भर लागते. असे ठोकळे मोजक्या मापांत बसवायचे आहेत.