खरखर कुणाची, घोळ कुणाचा?

१९२९ ते १९३२ मधला एखादा अनोळखी इंग्रजी रहस्यपट लावला की पहिल्या दहा मिनिटांत घरातलं कुणीतरी उठून जातंच. आवाज खरखरतो, माणसं बोलता बोलता उगाच थांबतात, पार्श्वसंगीताचा पत्ता नाही. पण हे सगळे दोष पिक्चरचे नसतात. काही प्रतीचे असतात, काही आपल्या टीव्हीचे.

आधी टीव्ही सरळ करा. चित्राची रुंदी आणि उंची ४:३ च्या आसपासची. 'झूम' चालू राहिलं तर वर इन्स्पेक्टरची टोपी कापली जाते आणि खाली गालिच्यावर पडलेला पुरावाच दिसत नाही. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या हव्यातच. मोशन स्मूदिंग (हालचाल उगाच गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) बंद, सराउंडही बंद. मूळ आवाज मोनो आहे. आमच्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडे जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की संवाद विसरा, हेडफोन लावा, तोही वायरचा. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो आणि शिव्या बसतात १९३० च्या साउंडवाल्याला. कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर असेल तर 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे करता येतो. इक्वलायझरमध्ये (आवाजाचे उंच-खोल भाग वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) ६ किलोहर्ट्झच्या वरचे पट्टे खाली ओढा. तिथे बहुतेक नुसती सूं-सूं असते. त्याखालच्या पट्ट्यांना मात्र हात लावू नका, नाहीतर 'एस' आणि 'एफ' ऐकूच येत नाहीत.

आता प्रत. सगळ्यांचे आवाज जरा चिरके वाटले तर २४ ऐवजी सेकंदाला २५ फ्रेम पळताहेत का बघा. तसं असेल तर ७० मिनिटांचा पिक्चर ६७ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. वेग ०.९६ करा, पण सेटिंगमधलं टाइम-स्ट्रेचिंगही बंद करा. नाहीतर वेग उतरतो, पण आवाजाचा सूर चढलेलाच राहतो. नामावलीतली डावीकडची अक्षरं कापलेली दिसली तर पिक्चरचा आवाज बहुधा वेगळ्या तबकडीवर होता, म्हणून चित्र फिल्मच्या पूर्ण रुंदीत घेतलेलं, आणि नंतरच्या प्रतीत फिल्मवरच छापलेल्या आवाजाच्या पट्टीने डावी कड खाल्लेली.

कथेतल्या उड्यांचं गणित याहून मजेशीर. ३५ मिमीचं १००० फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. रिळाची दोन्ही टोकं सर्वांत जास्त झिजतात. तुटलेला भाग कापून जोड मारला जातो. फोन वाजला, हात पुढे गेला आणि पुढच्या क्षणी माणूस मोटारीत, असं दर दहा-अकरा मिनिटांच्या टप्प्यावर घडलं तर पटकथेला सोडून द्या. रिळाच्या ऐन मध्यावर घडलं, तर लेखकाला धरा, किंवा टीव्हीच्या वेळेत बसवायला कात्री चालवणाऱ्याला.

उरलेले दोष मात्र पिक्चरचेच. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून तो बंद खोक्यात कोंडलेला, माइक जागचा हलत नाही. मग इन्स्पेक्टर खिडकीपाशी जाऊन गुपचूप बाहेर बघतो, टेबलापाशी परत येतो आणि तेव्हा कुठे बोलतो! बोलणंही नाटकी, कारण बरेच नट रंगभूमीवरून आलेले. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय म्हणजे काय, हे गुर्लहोसूरच्या नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आवाज नंतर डब करायची धड सोय नव्हती. हिचकॉकच्या 'ब्लॅकमेल'मध्ये (१९२९) ॲनी ओंड्रा नुसते ओठ हलवायची आणि जोन बॅरी कॅमेऱ्याबाहेर उभी राहून तिचे संवाद त्याच वेळी म्हणायची. संगीत नसण्याची तक्रार मला तितकीशी पटत नाही. रिकाम्या घरात दार करकरतं तेव्हा व्हायोलिन नसलेलंच बरं.

शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुलासा होतो. त्यात तुम्ही पाहिलाच नाही असा पुरावा निघाला तर लगेच लेखकावर चिडू नका, दुसरी प्रत शोधा. निवडताना चित्राच्या स्वच्छतेपेक्षा आधी लांबी बघा, आणि २५ फ्रेममुळे घटलेली मिनिटं हिशोबात धरूनच ती ताडा. चार मिनिटं जास्त असलेली मळकट प्रत चकचकीत पण कापलेल्या प्रतीपेक्षा कधीही सरस.