बुंदीनं पिल्लं हलवली

लाईट गेलीये आणि झोप येत नाहीये. मोबाईल ३० टक्क्यांवर आहे, तेवढ्यात लिहून टाकते, नाहीतर हे डोक्यात असंच फिरत राहणार.

बुंदीनं काल दुपारी पिल्लं हलवली. माझ्या खोक्यातून. झालंय एवढंच. कुणाला सांगायला गेलं तर म्हणतील मांजरच आहे, हलवणारच, मांजर पिल्लांना सात घरं फिरवती हे तर मी पण लहानपणापासून ऐकत आलेय. यांना सकाळी सांगितलं तर म्हणाले, मग काय झालं, आणि डबा घेऊन गेले. खरंच काय झालं? काही नाही. पण कालपासून भाजी निवडता निवडता दोनदा डोळे भरून आले आणि का ते धड सांगता येईना.

गच्चीवर नेली असती, कोठीत धान्याच्या पोत्यांमागं नेली असती तरी चाललं असतं. माझ्याजवळून का नेली, हे काही केल्या मनातून जात नाहीये.

दीड महिना मी कालनिर्णयवर दिवस मोजले. तिची आचळं गुलाबी दिसायला लागली तेव्हा वर राहणारा जनावरांचा डॉक्टर म्हणाला काकू तिसरा आठवडा असेल, ६३ ते ६५ दिवस धरा, मग मी मागं मोजून पेनानं गोल केला. कुलरचं मोठं खोकं ठेवलंच होतं, त्याची एक बाजू चार बोटं उंच ठेवून कापली, म्हणजे तिला आत-बाहेर करता येईल पण पिल्लू घरंगळून बाहेर येणार नाही. खाली पेपरची जाड घडी, वर वाकळेचा तुकडा, त्याच्यावर सोनूचा जुना फ्रॉक. फ्रॉक द्यायचा नव्हता खरं तर, पण सोनू फोनवर म्हणाली दे गं आई, मी काय आता घालणारे का. सुट्टीत ती येणार होती. असू दे.

चिकन मी मागच्या पडवीत वेगळ्या पातेल्यात उकडायचे, आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गळ्यात माळ आहे, त्यांना वास पण चालत नाही. त्या म्हणायच्या, "मांजराचे डोहाळे पुरवायलीस का बाई?" मी ऐकून घ्यायचे.

गुरुवारी सकाळपासून बुंदीनं तोंडात काही घेतलं नाही. वाकळ नखांनी ओरबाडायची, बाहेर यायची, परत आत जायची. डॉक्टर गावाकडं निघाला होता, बॅग खांद्याला लावूनच खाली आला, ताप मोजला आणि म्हणाला ९९ पॉईंट काहीतरी आहे, मांजरीचं नॉर्मलच १०१-१०२ असतं, १०० च्या खाली आलं म्हणजे आता एक दिवसाच्या आत होणार. मला म्हणाला दोनच गोष्टी लक्षात ठेवा काकू, जोर लावून लावून अर्धा तास झाला आणि पिल्लू बाहेर आलं नाही तर थांबायचं नाही, सरळ जनावरांच्या कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचं, आणि प्रत्येक पिल्लामागं एक वार, म्हणजे नाळेचा गोळा, पडती, ती मोजायची. वार ती खाईल, खाऊ द्या.

रात्री साडेअकराला कळा सुरू झाल्या. मला वाटलेलं मांजर एकांत शोधती, आपण लांब बसावं. पण मी उठले की ही खोक्यातून बाहेर, पोट जमिनीला लागतंय, तशीच माझ्यामागं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि वर तोंड करून ओरडायची. मी बसले की परत आत. दोनदा असं झालं, मग मी पाणी प्यायला पण उठले नाही. कळ आली की माझ्या मनगटावर पंजा ठेवून नखं रुतवायची, कळ गेली की नखं आत. अजून तीन ओरखडे आहेत, आता खपल्या धरल्यात. लिहिताना पण तिकडंच नजर जातीये.

म्हणूनच लागलंय मला. त्या रात्री जिला माझ्याशिवाय एक मिनिट करमत नव्हतं तिनं पाचव्या दिवशी पिल्लं उचलावीत?

पहिलं बाराच्या सुमारास झालं, काळं कुळकुळीत. दुसरं पाऊण तासानं, केशरी. तिसऱ्याच्या वेळी ती दमली होती. पिल्लू पडद्यातच बाहेर आलं आणि तिनं मान टेकली, वळून बघेना. पडद्याच्या आत ते नुसतं पडलेलं, पारदर्शक पिशवीत भिजवलेल्या बदामासारखं. मी फोन लावला, डॉक्टर झोपेतूनच ओरडला, फाडा काकू, बोटानं फाडा, नाकाजवळ आधी. मी फाडलं. नाक पुसलं, डोकं जरा खाली धरलं आणि यांच्या पंच्यानं पाठ चोळत बसले, तो म्हणे जोरात चोळा, मांजर जिभेनं कशी खसाखसा चाटती तसं, घाबरू नका. किती वेळ चोळलं माहीत नाही. हाताला काहीच लागत नव्हतं, आणि मग बोटाखाली एक उचकी लागली. मग दुसरी. मग दाराची बिजागरी करकरावी तसा बारीक आवाज. मी ते बुंदीच्या तोंडापुढं धरलं, तिनं ते ओढून घेतलं आणि चाटायला लागली.

तिरंगी आहे ती. तिरंगी म्हणजे मुलगीच धरून चाला म्हणे, केशरी आणि काळा रंग ज्याच्यावर असतो ते एक्स क्रोमोझोम दोन लागतात, आईकडून एक, बापाकडून एक. बुंदी पण तशीच आहे. ८२ ग्रॅम भरली, बाकी दोघं ९८ आणि १०४.

चौथं पहाटे झालं. त्याचं नाही लिहीत.

आत्याबाई नेहमीसारख्या चारला उठल्या होत्या. दारात उभं राहून बघितलं, काही बोलल्या नाहीत. बुंदी चौथ्याला चाटतच होती, चाटतच होती, मला ते तिच्यापुढून उचलवेना. आत्याबाई खाली बसल्या, गुडघे दुखतात तरी बसल्या, पदराच्या टोकात ते घेतलं आणि मागं गेल्या. लिंबाखाली खुरप्याचा आवाज आला. मग अंघोळ करून पूजेला बसल्या. जिला रोज झाडू दाखवून हाकलायच्या तिचं पिल्लू. मला तेव्हा त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, राहिलंच.

पुढचे चार दिवस मी दुसरं काही केलंच नाही. किचनच्या काट्यावर रोज सकाळी वजन. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे म्हणे. तिरंगी दुसऱ्या दिवशी ७९ वर आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, मग ८७, मग ९८. डोळे मिटलेले, कान चिकटलेले, तरी वळवळत वळवळत आपापल्या आचळापाशी जायची, सगळा वासाचा खेळ. केशरीचं मागचं आचळ ठरलेलं, तिथं दुसरं कुणी गेलं की पंजे मारायचं. शी-सू पण आईनं चाटल्याशिवाय होत नाही. गाईचं दूध द्यायचं नाही, त्यानं जुलाब होतात. सगळं पाठ झालं मला.

एक मात्र उलटं होतं. मोबाईलवर बघावं तिथं पहिल्या आठवड्यात पिल्लांना ऊब द्या, गरम पाण्याची बाटली ठेवा, २९ ते ३२ डिग्री पाहिजे. आणि इथं परभणीत मे महिना, बाहेर ४२, स्लॅबखालच्या आमच्या खोलीत रात्री दोनला पण भिंतीला हात लावला तर भाजतंय. बुंदी तोंड उघडून धापा टाकायची. कुलर लावावा तर पिल्लांवर ओलं वारं, बंद करावा तर ही अशी. मी टॉवेल ओला करून खोक्याच्या बाहेरच्या बाजूनं टाकायचे, दर तासाला.

आणि काल सकाळी नळ आले होते. म्हणलं पाणी आहे तर सगळं स्वच्छ करावं, आज पाचवी पण आहे. फ्रॉक खराब झालेला, वाकळ पण. सगळं काढून धुतलं, नवीन पेपर, नवीन चादर, आणि खाली फरशी फिनेलनं दोनदा पुसून काढली. बाळंतिणीची खोली कशी असावी, तशी केली. किती बरं वाटलं होतं मला.

दुपारी जरा डोळा लागला. उठून बघते तर खोकं रिकामं.

सगळं घर धुंडाळलं. गच्चीवर अनवाणी गेले, पाय पोळले. बोळात, पडवीत, कोठीत. शेवटी आत्याबाईंच्या खोलीचं दार लोटलं तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, आणि तोंडावर बोट ठेवून मला म्हणाल्या, "हळू. आत्ताच निजलीत लेकरं."

लोखंडी पेटीमागं, कोपऱ्यात. खाली त्यांचं स्वतःचं मऊ पातळ.

मला इतकं वाईट वाटलं. सरळच लिहिते, वाईट नाही, राग आला. मी रात्र रात्र बसायची, मी नाकं पुसायची, आणि ही तिकडं. मी तिथून निघून आले आणि उगंच भांडी घासत बसले. आत्याबाई मागनं आल्या. म्हणाल्या, "रडायलीस कशाला? फिनेलचा किती वास येतोय तुझ्या खोलीला, माझंच डोकं उठलंय. ती काय करणार बिचारी."

रात्री डॉक्टरला विचारलं. तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला, काकू फिनेल मांजरीला विष आहे, त्यांच्या लिव्हरला ते झेपत नाही, पायाला लागतं, पाय चाटले की पोटात जातं. बरं झालं हलवलं तिनं. आणि कपडे सगळे एकदम धुवायचे नाहीत, एक जुना ठेवायचा, पिल्लांना घर त्या वासानंच कळतं.

म्हणजे मीच.

हे कळल्यावर आणखीच रडू आलं आधी. मग हळूहळू, काय माहीत, मोकळं पण वाटलं. ती माझ्यावर रुसून गेली नव्हती. तिला जिथं बरं वाटलं तिथं ती तोंडात एक एक करून तिघांना घेऊन गेली, पाच दिवसांची बाळंतीण, तीन खेपा. आत्याबाई म्हणतात तिरंगीला सगळ्यात आधी आणलं.

आणि ती खोली थंडच आहे. जुन्या घराची तेवढी एकच राहिलीय, मातीच्या भिंती, वर माळवद. बाकी सगळं पाडून आम्ही स्लॅब टाकला, ती खोली त्यांनी पाडू दिली नाही. किती बोललेय मी तेव्हा त्यावरून. आज दुपारी बाहेर फुफाटा आणि तिथं अंगाला गार लागत होतं. बुंदी तोंड मिटून, पाय लांब करून झोपलेली, धाप नाही काही नाही.

त्याच कोपऱ्यात माझी बाज होती. सोनूच्या वेळी. आई नव्हती म्हणून माहेरी नाही गेले मी. खाली शेगडी, ओव्याचा धूर, आणि रात्री सोनू रडली की आत्याबाई न बोलता उठायच्या, तिला खांद्यावर टाकून त्या एवढ्याशा खोलीत फिरायच्या. मला तेव्हा वाटायचं माझं लेकरू माझ्याजवळून घेतात. आज पहिल्यांदा आठवलं की त्या वेळात मी झोपलेली असायचे.

काल रात्री त्यांनी पेटीवर पणती लावली होती, पाचवी म्हणून. मी दारातून बघितलं, आत गेले नाही.

आज सकाळी मी काटा घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिले. आत जाऊ का नको कळेना. त्या म्हणाल्या, "ये की. पण हात धू आधी, नुसत्या पाण्यानं." मी धुतले. मग हात बुंदीपुढं धरला. तिनं कितीतरी वेळ वास घेतला, बोटांचा, मग मनगटाचा, खपल्यांपाशी आली आणि तिथं एकदा जीभ फिरवली, खरखरीत. मग मान टेकवून डोळे मिटले.

मी वजन केलं. काळं १६८, केशरी १५७. तिरंगी १२४. आत्याबाईंना आकडा कळत नाही, म्हणाल्या, "म्हणजे बरं हाय का?"

म्हणलं हो, बरं आहे. मग म्हणलं, आत्याबाई, त्या दिवशी पहाटे... त्या म्हणाल्या, असू दे.

फ्रॉक वाळलाय, पण परत तिथं नाही ठेवणार, पावडरचा वास येतोय त्याला. उद्या सोनूला फोटो पाठवते. ८ टक्के राहिलं. लाईट अजून नाही. पलीकडच्या खोलीत त्या जाग्याच आहेत बहुतेक, बांगड्यांचा आवाज येतोय, आणि मधूनच ते चुटूचुटू लुचणं. जाऊन बसते जरा.