उणे एक

पर्वरी, शुक्रवार, रात्री

सकाळपासून पाऊस थांबलेला नाही, आणि दुपारचा बहुतेक वेळ एका ओळीच्या बदलावर गेला. पेडण्याहून रोज बसने येणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याने पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या सेटिंग फाइलीतला बदल रिव्ह्यूसाठी पाठवला होता. ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ या सेटिंगपुढचे उणे एक काढून त्याने तेथे २०४८० लिहिले होते. लाल रंगातली जुनी ओळ कोणाची म्हणून पाहिले, तर ती माझीच निघाली. शेजारी माझीच टीप होती: ‘मर्यादा नको.’

डेटाबेसमधला प्रत्येक बदल आधी १६ एमबीच्या वॉल फाइलींत, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहिला जातो आणि मडगावच्या कार्यालयातली रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसरी प्रत, त्या फाइलींवरूनच स्वतःला अद्ययावत ठेवते. रेप्लिकाने अजून न नेलेल्या फाइली प्रायमरीने, म्हणजे मुख्य सर्व्हरने, पुसू नयेत, याची हमी रेप्लिकेशन स्लॉट देतो. मात्र रेप्लिका कितीही दिवस गैरहजर राहिली तरी ही हमी सुटत नाही आणि फाइली साठत राहतात. मी स्लॉट बसवला तेव्हा आम्ही १२व्या आवृत्तीवर होतो आणि तिच्यात या साठ्याला मर्यादा घालण्याची सोयच नव्हती. ती २०२० साली १३व्या आवृत्तीत आली. आम्ही त्या आवृत्तीवर गेलो तेव्हा नवी सेटिंग मी वाचली, आणि समजून उमजून तिच्यापुढे अमर्याद या अर्थाचे उणे एक लिहिले.

त्याचे फळ गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मिळाले. आमच्या सॉफ्टवेअरवर किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्यांची बिले होतात, त्यामुळे माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार भरण्याआधीचा आठवडा हा आमचा वर्षातला सर्वांत गर्दीचा आठवडा असतो. झाड पडून मडगावची फायबर लाइन तुटली. रेप्लिका असिंक्रोनस असल्याने, म्हणजे प्रायमरी तिच्यासाठी थांबत नसल्याने, बिले सुरळीत होत राहिली, आणि म्हणूनच कोणाच्या काही लक्षात आले नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी वॉलची ८० जीबीची डिस्क भरली आणि प्रायमरीच बंद पडली. डिस्क वाढवून सर्व्हर सुरू केला, स्लॉट काढून टाकला, तेव्हा पुढच्या चेकपॉइंटला, म्हणजे बदल मूळ डेटा फाइलींत उतरवण्याच्या टप्प्याला, साठलेल्या फाइली गेल्या. त्यानंतर मी डिस्क भरत आल्याचा इशारा फोनवर येईल एवढी व्यवस्था केली, परंतु उणे एकला हात लावला नाही. का लावला नाही, याचे धड उत्तर आजही माझ्यापाशी नाही. रेप्लिका गमावणे मला सर्व्हर बंद पडण्याहून मोठे वाटत होते, एवढेच सांगता येईल.

म्हणून आज बदल वाचताना मन आधी विरोधातच होते. मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो, आणि आम्ही वॉलचे आर्काइव्ह, म्हणजे जुन्या फाइलींचा वेगळा साठा, ठेवत नसल्याने रेप्लिका मुळापासून उभी करावी लागते. ४०० जीबीचा डेटाबेस १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पूर्ण वेगाने नेला तरी नऊ तास लागतात, आणि तेवढा वेळ आमच्याकडे दुसरी चालती प्रत नसते. हे मी त्याला सांगितले, तर तो शांतपणे म्हणाला, “ताई, रेप्लिका पुन्हा उभी करता येते. प्रायमरी पडली तर व्यापाऱ्यांची बिले थांबतात. गेल्या वर्षी त्यांचे फोन तुम्हीच घेतले होते ना?”

यावर बोलण्यासारखे काही उरले नव्हते. उरला होता तो आकडा. त्याने २० जीबी कोठून आणले विचारले, तेव्हा गेल्या महिन्याची सरासरी काढल्याचे त्याने सांगितले. साध्या दिवशी आमच्या तासाला साधारण ६० फाइली होतात, म्हणजे जवळपास एक जीबी, आणि कामाच्या दहा तासांत दहा. या हिशेबाने २० जीबी दोन दिवस पुरतात. चवथीच्या आठवड्यात मात्र हेच प्रमाण दुप्पट होते आणि एकाच दिवसात मर्यादा संपते. पावसात तुटलेली लाइन आमच्याकडे एका दिवसात जोडून मिळाल्याचे मला आठवत नाही. मी ५० जीबी सुचवले. सगळे ८० द्यायचे नव्हते, कारण मर्यादा चेकपॉइंटच्या वेळीच तपासली जाते आणि दोन चेकपॉइंटच्या मधल्या वाढीला जागा लागते. दुसरी सूचना एककाची होती. नुसत्या २०४८० चा अर्थ पोस्टग्रेस एमबी असा घेतो हे खरे, पण मध्यरात्री फाइल उघडणाऱ्याला ते आठवेलच असे नाही. जीबी असे स्पष्ट लिहावे.

त्याने दोन्ही सूचना मान्य करून सव्वासहाला बदल पुन्हा पाठवला आणि मी मंजुरी दिली. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची गरज नव्हती. साडेदहाला घरून रीलोड केले. मग सहज म्हणून स्लॉटची माहिती दाखवणारा तक्ता उघडला. त्यात ‘सेफ वॉल साइझ’ नावाचा एक रकाना आहे आणि स्लॉट बाद होण्यापूर्वी अजून किती बाइट लिहिता येतील हे तो सांगतो. मर्यादाच नसेल तर तो कोरा राहतो, म्हणून इतकी वर्षे मी तो कोराच पाहत आले होते. आज तेथे ५३ अब्जांच्या आसपासचा आकडा होता. इशारा या रकान्यावर लावण्याचे काम सोमवारी त्याच्याकडे देते.