बीडीडी पुस्तक : राखाडीत हिरवा कुठून शिरतो, ते सापडलं

सापडलं, मंडळी! म्हणजे अर्धं सापडलंय, पण ज्या अर्ध्याने माझं डोकं खाल्लं होतं तेच. मागच्या वेळी मी कृष्णधवल असूनही हिरवट छापून आलेल्या ज्या शेवाळी कॉरिडॉरचा फोटो टाकला होता, त्यात मशीनचा दोष अर्धाच निघाला.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मुंबईतल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळी पाडायच्या आधी काढलेले कृष्णधवल फोटो मी पुस्तकात बांधतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेलेल्या त्या कुटुंबांपैकी काहींच्या हातात हे पुस्तक द्यायचंय. म्हणून प्रती थोड्याच, आणि म्हणून फोटोबुक छापून देणारी ऑनलाइन सेवा. ऑफसेटला, म्हणजे मोठ्या संख्येच्या छपाईला, एवढ्याशा प्रतींसाठी कुणी उभंही करत नाही.

आता बीडीडीचा कॉरिडॉर आठवा. मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, उजेड काय तो टोकाच्या खिडकीतून. अशा फोटोत सगळी गंमत सावलीत असते: दाराबाहेरची पिंपं, चपलांचा ढीग, भिंतीवरचे मीटर. पहिल्या नमुन्यात ही सावली राखेसारखी फिकी आली होती आणि वर हिरवट झाक. स्क्रीन कॅलिब्रेट केलेला (रंग मोजून जुळवलेला), उजेड १०० कँडेलावर ठेवलेला, फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापात, ३०० डीपीआय; म्हणजे माझ्या बाजूने सगळं नियमात. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: ‘मॅम, फाइल थोडी डार्क होती.’ अहो, डार्क असायलाच हवी!

मग पट्टीचा प्रयोग केला. त्या सेवेचं सगळ्यात लहान, वीस पानी पुस्तक घेतलं आणि जवळजवळ प्रत्येक फोटोच्या जेपीईजीतच खाली २१ घरांची राखाडी पट्टी चिकटवली. शुभ्र ते काळा, पाच-पाच टक्क्यांनी. एक पट्टी गच्चीवरच्या लख्ख फोटोखाली, एक कॉरिडॉरखाली, एक कोऱ्या पानावर एकटी. मशीन एक, कागद एक, पुस्तक एक. मशीनचाच घोळ असता तर तिन्ही पट्ट्या सारख्या बिघडायला हव्या होत्या.

तशा त्या बिघडल्या नाहीत. कोऱ्या पानावरची पट्टी बऱ्यापैकी सरळ आली. कॉरिडॉरखालची मात्र वर उचललेली. ८५ टक्क्यांचं घर ७० च्या आसपास दिसत होतं. म्हणजे छापण्याआधी प्रत्येक फोटो कुठल्यातरी ‘एन्हान्स’मधून जातोय. अंधारा फोटो दिसला की सॉफ्टवेअर त्याला उजळवतं. वाढदिवसाच्या फोटोंना ते ठीक आहे, बाळाचा चेहरा दिसायलाच हवा. त्यांच्या एडिटरमध्ये, म्हणजे साइटवर पानं मांडायच्या खिडकीत, ते बंद करायची खूण कुठेच नाही.

पण उजळलं म्हणून हिरवं का व्हावं? इथे माझी ट्यूब पेटली. चार शाईंच्या छपाईत गडद भागाचं वजन मुख्यतः काळी शाई उचलते. मधला राखाडी मात्र बहुतांशी सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी) आणि पिवळ्याच्या जमवाजमवीवर उभा असतो. साधारण ५० सायन, ४० मॅजेंटा, ४० पिवळा असं गणित जुळलं तर डोळ्याला तटस्थ राखाडी दिसतो. त्यात मॅजेंटा दोन-तीन टक्के कमी पडला की झालं हिरवं. रंगीत फोटोत हा फरक पानाफुलांत खपून जातो, कृष्णधवलमध्ये तो लपायला जागाच नाही. एन्हान्सने माझी सावली उचलून नेमकी याच मधल्या पट्ट्यात नेऊन ठेवली. काळी शाई जिथे राज्य करत होती तिथे तीन रंगांची आघाडी सरकारात आली.

उपाय: एडिटरला हातच लावायचा नाही. सगळं पुस्तक बाहेर मांडून एकसंध पीडीएफ चढवायची. पीडीएफ ते जशीच्या तशी पुढे सरकवतात. ही सोय सगळ्यांकडे नाही, आणि आता माझ्या मते सेवा निवडताना पहिला प्रश्न हाच असावा: पीडीएफ घेता का, आणि घेतल्यावर तिला हात लावता का? कागद, किंमत, कूपन हे सगळं नंतर. ज्यांच्याकडे फक्त एडिटर, फुगे आणि बदामाच्या चौकटी आहेत, त्यांना मी यादीतून काढून टाकलं.

पीडीएफवरून आलेला कॉरिडॉर उघडला तेव्हा मी अक्षरशः ओरडले. मीटर दिसत होते. पिंपाच्या कडेवरची चकाकी दिसत होती. सावली काळी होती! नवऱ्याने विचारलं काय झालं, म्हटलं मीटर दिसले. त्याने पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आनंद फार टिकला नाही. तीच पीडीएफ, तोच कागद, त्याच सेवेकडून पुन्हा मागवली, कारण प्रती सारख्या येतात का ते बघायचं होतं. ती आली किंचित गुलाबी. हिरवी गेली, गुलाबी आली. दोन्ही प्रती गॅलरीत पावसाळी उजेडात शेजारी ठेवल्या की फरक कळतो, आणि स्वयंपाकघरातल्या एलईडीखाली नेल्या की दोघी वेगळ्याच दिशेने रंग बदलतात. तीन रंगांतून बनवलेला राखाडी प्रत्येक दिव्याखाली वेगळा दिसतो, हे वाचून माहीत होतं, आता घरात पाहिलं. (छपाई ५००० केल्व्हिनच्या, दिवसासारख्या उजेडातच तपासायची हा नियम मला मान्य आहे, पण पुस्तक वाचणारी आजी ट्यूबलाइटखालीच बघणार आहे.)

तर आता लढाई मशीनच्या रोजच्या चढउताराशी आहे. विचार केला तेव्हा तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट म्हणजे फोटोंना मुद्दाम हलका उबदार टोन द्यायचा. थोडी झाक आपणच ठरवून घातली की दोन टक्क्यांची हिरवी-गुलाबी चळवळ त्यात बुडते. ही जुनी युक्ती काम करते, पण चुन्याच्या भिंती पिवळ्या पडतात. नायगावच्या जिन्याला ते शोभतं, कॉरिडॉरला नाही.

दुसरी, सिल्व्हर हॅलाइड. म्हणजे आपल्या लग्नाच्या करिझ्मा अल्बमवाल्या लॅबचा रस्ता: खऱ्या फोटो-कागदावर लेझरने एक्सपोज करून जाड शीट, मधोमध सपाट उघडणारं. ठिपके नाहीत, टोन लोण्यासारखे. पण तो कागदही रंगीतच असतो, रसायन हललं की राखाडी हलतोच. शिवाय पुठ्ठ्याएवढी जाड पानं. माझ्या पानसंख्येला ते पुस्तक न राहता पाटा होईल. आणि लॅबवाले मला सारखे एनटी पेपर खपवायला बघतात. ‘मॅडम, फाटत नाय, पाणी लागलं तरी चालतं.’ भाऊ, मी पुस्तक धुणार नाहीये.

तिसरी वाट मला जास्त पटतेय: रूपांतर स्वतः करायचं. फोटो सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या रंगांत, करतानाच जीसीआर जास्तीत जास्त ठेवायचं, म्हणजे तीन रंगांचा वाटा कापून तिथे काळी शाई भरायची. मग मॅजेंटा डुलला तरी राखाडी फारसा डुलत नाही. यासाठी मात्र प्रेसचं प्रोफाइल (त्यांच्या मशीनवर, कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) हवं, आणि त्यांनी सीएमवायके पीडीएफ पुन्हा आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, न फिरवण्याची हमी हवी. एका सेवेने प्रोफाइल लगेच मेल केलं. दुसरीने विचारलं, ‘कंपनी प्रोफाइल हवं का?’

कागदाचा प्रश्न मात्र सुटला, त्याबद्दल थोडक्यात. मला ते खरखरीत, विनाकोटिंग ‘नॅचरल’ कागद हाताला फार आवडतात. पण मानक मोजमापात कोटेड आर्ट पेपरवरचा काळा एल (उजळपणाचं माप, शून्य म्हणजे पूर्ण काळा) १६ च्या आसपास असतो आणि विनाकोटिंगवर ३१ च्या. माझ्या पट्टीतली शेवटची तीन घरं नॅचरलवर एकमेकांत विरघळली. कॉरिडॉर तिथेच मेला. तेव्हा १७० जीएसएम मॅट आर्ट, आणि वर लॅमिनेशन फक्त कव्हरला. ज्यांचे फोटो गच्चीवरचे, धुक्यातले आहेत त्यांनी बिनधास्त नॅचरल घ्यावा.

बांधणीचंही असंच. कॉरिडॉरचा फोटो दोन पानांवर पसरतो आणि त्याचं टोक, ती खिडकी, बरोबर मधल्या घडीत येते. साध्या हार्डकव्हरमध्ये घडी तिला गिळते. म्हणून फोटो उजवीकडून कापून खिडकी उजव्या पानावर सरकवली. चौकट बिघडेल असं वाटलं होतं, उलट सुधारली.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट डोक्यात आली. सगळी पानं चार शाईत छापायचीच कशाला? पीडीएफमध्ये कॉरिडॉरचं पान फक्त काळ्या शाईत दिलं तर झाक यायचा प्रश्न जवळजवळ नाहीच, कुठल्याही दिव्याखाली. तोटा म्हणजे काळा तेवढा खोल येत नाही आणि उजळ भागात दाणा दिसतो. पण एचपी इंडिगो या डिजिटल छपाईयंत्रासाठी हलक्या काळ्या शाईही मिळतात, खास एकरंगी फोटोंसाठी. काळ्यासोबत ती चढवली की दाणा कमी दिसतो. ती शाई भरून ठेवणारा मुंबईत कुणी आहे का, हे ऑनलाइन सेवांच्या चॅटवर कळणार नाही. लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या डिजिटल प्रेसमध्ये जाऊन विचारायला हवं. गिरणगावाचं पुस्तक गिरणगावातच छापून घ्यायचं, हे आधी कसं सुचलं नाही कुणास ठाऊक.

म्हणून उबदार टोनचा नमुना तूर्त रद्द. त्याऐवजी पुढच्या वीस पानांत एकच कॉरिडॉर तीन तऱ्हांनी: सेवेच्या नेहमीच्या रूपांतराने, जास्त जीसीआरने आणि निव्वळ काळ्या शाईत, प्रत्येकाखाली पट्टी. जुलैच्या हवेत कव्हरं वाकतात, म्हणून पार्सल आल्यावर एक दिवस पुस्तक जड ठोकळ्याखाली ठेवूनच मोजेन. तुमच्यापैकी कुणी लोअर परळ किंवा फोर्टात फक्त काळ्या शाईत फोटो छापून घेतले असतील, तर पान टेबलावर सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो टाका, फ्लॅश नको. पट्टीची फाइल ज्यांना हवी त्यांनी सांगा, आठ बाय आठ आणि ए-फोर दोन्ही मापांत तयार आहे.