सायलेन्सर मागणारी पोरं

बुधवार, रात्री दुकान वाढवल्यावर

ऊसतोड सुरू झाली की मला रात्रीची जास्त धास्ती वाटते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीनं झाकलेला. आणि त्याच बायपासवर साडेदहानंतर आमचे वीर गाड्या पळवायला उतरतात. खड्डे होते तेव्हा रेस आपोआप बंद होती, असं शेजारचा चहावाला म्हणतो. त्याचं अगदीच काही चूक नाही.

रेस लागते रस्त्यावर, पण तिची तयारी आमच्यासारख्या स्पेअर पार्टवाल्यांच्या काउंटरवर दिसते. आधी आरसे काढतात. मग नंबर प्लेट आत वाकवतात, मागचं मडगार्ड जातं आणि शेवटी सायलेन्सरची जाळी काढून फटाके फोडायचे. आज एकजण यामाहाची आरएक्स हंड्रेड घेऊन आला. १९९६ला बंद झालेली गाडी, त्यानंतर दहा-बारा वर्षांनी हा जन्मला असेल. टाकीला नवा रंग, नवं सीट. मोठा आवाज काढणारा इंदोरी सायलेन्सर कुठं मिळेल, हे विचारायला आला होता. मी सवयीनं खाली बसलो. या गाडीला पुढंही ड्रम ब्रेकच, आणि ब्रेकचा नट शेवटच्या आट्यापर्यंत कसलेला, म्हणजे आत घासणारं लायनर संपलेलं. केबलचे तंतू तुटून बाहेर आलेले. म्हटलं, "बाळा, आधी लायनर टाक."

"राहू द्या ओ काका, काही होत नसतंय. रेसमदी ब्रेक कोण मारतंय?"

सायलेन्सरला हजारो रुपये मोजणारी ही पोरं दोन-अडीचशेच्या लायनरला मात्र घासाघीस करतात. मी बिलाच्या मागं त्याला हिशोब मांडून दाखवला. ताशी शंभरनं गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. डिपरच्या, म्हणजे खाली पाडलेल्या दिव्याच्या उजेडात ट्रॉली दिसेल ती पन्नासेक मीटरवर. दिसली हे डोक्यात शिरून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, उरले वीस-बावीस मीटर. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. पन्नासला जी गाडी आवरते ती शंभरला आवरत नाही. पोरानं कागद घडी करून खिशात घातला. लायनर काही घेतलं नाही.

कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ खास रस्त्यावरच्या शर्यतीसाठीच आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सापडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी हा दंड ५०० रुपये होता. गाडीत परस्पर बदल केले तर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पण पोरं याला भीत नाहीत. मोहीम निघते, जप्त सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवतात, पेपरात फोटो येतो आणि महिन्याभरात गाडं पुन्हा मूळपदावर.

भिण्यासारखं कलम वेगळंच आहे आणि ते बापाला लागतं. आमच्या लातुरात क्लाससाठी खेड्यापाड्यातून पोरं येतात. बहुतेक बिचारी सायकलवर नाहीतर पायीच असतात. पण एखादा बाप लेकाची तंगडतोड नको म्हणून घरची गाडी पाठवून देतो. पोरगं सतरा वर्षांचं, सातबारा बापाच्या नावावर आणि आरसी बुकही. कलम १९९-अ नुसार अल्पवयीन पोरानं असा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. एका पाहुण्याला हे सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना. २०२४च्या पुण्यातल्या पोर्श अपघातात बापाला अटक झाली होती, याची आठवण दिली तेव्हा म्हणाला, "ते मोठ्या लोकांचं असतंय." नाही हो, मामा. स्प्लेंडरलाही तेच कलम.

माझी सासुरवाडी परभणीकडं. तिकडं शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचं वेड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानं पट बंद पडले, डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा मान्य केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढा, बैलाला डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, मग पट. बैलाची एवढी काळजी, आणि पोरं अंधारात बिनाहेल्मेट. मेव्हणा विचारतो, पोरांनाही असं मैदान का नको? प्रश्न बिनतोड आहे. कलम १८९ मध्येही गुन्हा आहे तो सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावण्याचा, म्हणजे संमतीचं दार कायद्यानंच ठेवलंय. गाड्यांचे खरे ट्रॅक चेन्नई, कोइमतूर, ग्रेटर नोएडाला. मराठवाड्यातल्या पोरानं तिथं कधी जायचं? एखादी सरळ, बंदिस्त पट्टी, हेल्मेट-जॅकेटची सक्ती, गाडीची तपासणी, शेजारी रुग्णवाहिका एवढं जमलं तरी खरी हौस असलेली पोरं तिकडं जातील, असं मला वाटतं.

सगळी जाणार नाहीत. काहींना रेसपेक्षा कडेला उभे असलेले दोस्त आणि त्यांचे मोबाईल जास्त लागतात. परवा बायपासच्या ढाब्यावर बघितलं, पळवणारे दोघं आणि रील काढणारे पंधरा-वीस. पोलिसांनी त्या गर्दीलाच साडेदहाला हुसकावलं तर निम्मी रेस तिथंच मोडेल. पण हे हुसकावणं रोज हवं, फक्त मोहिमेपुरतं नाही. आणि सायलेन्सर, प्लेट करून देणारे हात आमच्याच लायनीत आहेत. असली कामं आपण घ्यायचीच नाहीत, असा आज चार गॅरेजवाल्यांपुढं विषय काढला. दोघं लगेच हो म्हणाले. तिसरा म्हणाला, "आपण नाही केलं तर पोरगं सोलापूरहून आणंल." तेही खरंच आहे, पण सोलापूरला जायला पेट्रोल लागतं, दिवस मोडतो, घरी विचारतात. चौथा नुसता हसला. जाळ्या कापायचं काम सगळ्यात जास्त त्याच्याकडंच. त्याची माझ्याकडं दिवाळीपासूनची उधारी आहे. उद्या वसुलीला जायचंच होतं, तेव्हा हेही बोलून घेतो.