चित्रकलेच्या बाई आणि आईचे चैत्रांगण

शाळेच्या महोत्सवी वर्षाच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले, त्यात ‘शाळेने आपल्याला काय दिले याविषयी चार शब्द लिहावेत’ अशी विनंती होती. शाळेने मला गणित दिले, इंग्रजी दिले, कवायतीच्या तासाला उन्हात ताठ उभे राहण्याची सवयही दिली, आणि त्या सर्व गुरुजनांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु लिहायला बसल्यावर दुसऱ्या मजल्याच्या टोकाशी असलेल्या चित्रकलेच्या वर्गातून मन काही बाहेर पडेना. तेव्हा हे मनोगत आमच्या चित्रकलेच्या बाईंविषयी आहे आणि इतरांना त्यात फारशी जागा मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकते. १९८३ साली माझ्याबरोबर दहावी झालेल्या मैत्रिणींना ‘बाई’ म्हटल्यावर त्या कोण, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी शाळा सुटल्यावर बाई जादा तास घेत. स्मरणचित्राचा विषय फळ्यावर लिहिला, की आम्ही सगळ्या जणी एक झोपडी, नारळाची दोन झाडे आणि दोन डोंगरांच्या मधून वर येणारा सूर्य काढून मोकळ्या होत असू. बाई कागद हातात घेऊन विचारत, “नाशिकच्या मुलींनो, ही नारळाची झाडे तुम्ही कुठून आणलीत? गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात कधी गेला नाहीत का? नारोशंकराची घंटा देवळाच्या कोणत्या बाजूला आहे, ते कोणी सांगेल?” आम्हांला सांगता येत नसे. रोज त्या वाटेने जाणाऱ्या मुलींनाही येत नसे. मग पुढच्या बुधवारी बाई आम्हांला घाटावर नेत, आणि कोथिंबिरीच्या जुड्या लावणाऱ्या बाईचा हात कसा वळतो, तराजू धरणाऱ्याचा खांदा कुठे उचलतो, हे पाहायला लावत. चित्र तिथे काढायचे नाही, फक्त पाहायचे, अशी ताकीद असे. कागदावर ते दुसऱ्या दिवशी वर्गात उतरवायचे. स्मरणचित्र म्हणजे पाठ केलेले चित्र नव्हे, हे त्या बुधवारांनी शिकवले.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली, तो प्रसंग सांगते. तसा तो क्षुल्लक आहे आणि शाळेच्या इतिहासात त्याची नोंद असण्याचे काही कारण नाही.

आमचे बिऱ्हाड जुन्या नाशकातल्या तिवंध्याजवळच्या एका वाड्यात होते. रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाचा जमिनीतला हौद, उघडून रंगाचा धुमाकूळ झाला, की पुढच्या दहा-पंधरा दिवसांत वाड्यात चैत्रगौरीची गडबड सुरू होई. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी सोयीच्या दिवशी हळदीकुंकू होते, हे वाचकांना ठाऊकच आहे. आमच्या आईचे हळदीकुंकू त्या गल्लीत नावाजलेले होते, आणि त्याची दोन कारणे होती. एक म्हणजे तिची आंब्याची डाळ. हरभऱ्याची डाळ भिजवून ती पाट्यावर भरडच वाटायची, कैरी किसून घालायची आणि फोडणीत हिंग जरा सढळ हाताने टाकायचा, यात ती कधी तडजोड करीत नसे. दुसरे कारण म्हणजे मागच्या अंगणात शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती रांगोळीने काढत असे ते चैत्रांगण.

त्या वर्षी आईने सांगितले म्हणून मी बाईंना हळदीकुंकवाचे बोलावणे केले. बाई संध्याकाळी आल्या, पन्हे प्यायल्या, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरून घेतली, आणि निघण्याऐवजी मागच्या अंगणात जाऊन चैत्रांगणापाशी उकिडव्या बसल्या. बायका येत होत्या, जात होत्या, बाई उठेनात. वर आंब्याचे तोरण, त्याखाली मखरातल्या पाळण्यात गौर, दोन्ही बाजूंना सूर्य आणि चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, अंबारीचा हत्ती, नाग, कासव, तुळशीवृंदावन, फणी-करंडा, आणि खाली गोपद्मांची ओळ. एकेका आकृतीवर बोट न टेकवता बोट फिरवत त्या आईला विचारत होत्या, की हे आधी काढता का ते, ही रेघ एका चिमटीत येते की मध्ये थांबावे लागते, हे कोणी शिकवले. आई संकोचून गेली. “अहो बाई, याला काय चित्र म्हणायचं? दरवर्षी काढायचं, म्हणून काढते,” असे म्हणून ती स्वयंपाकघरात वळली. बाई तिच्या मागोमाग गेल्या आणि हे मोठ्या कागदावर काढून द्याल का, असे त्यांनी विचारले. त्यावर आईने दिलेले उत्तर बाई पुढे कितीतरी वर्षे सांगत असत. आई म्हणाली, “कागदावर काढलं, तर पुसायचं कसं?”

त्यानंतरच्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, आई आमच्या वर्गाला शिकवायला आली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, नेसणीचे लुगडे नीट करीत, रांगोळीची वाटी पदराखाली धरून शाळेच्या दारातून आत येते आहे, हे पाहताना मला काय वाटले ते नीट सांगता येणार नाही. लाज आणि अभिमान यांचे प्रमाण पावलागणिक बदलत होते. सभागृहाच्या शहाबादी फरशीवर रांगोळी बसणार नाही, असा निर्वाळा तिने आल्या आल्या दिला. मग शिपाईमामांनी गेरू कालवून फरशीचा एक चौकोन लालसर करून दिला. ‘ही फरशी आता धुणार कोण,’ हे त्यांचे पुटपुटणे आम्हां सर्वांना ऐकू आले.

बाईंनी फळ्यावर लिहिले, ‘आजच्या पाहुण्या शिक्षिका’, आणि त्याखाली आईचे पूर्ण नाव.

माझ्या आईला वाड्यात कोणी वहिनी म्हणे, कोणी काकू म्हणे, शेजारचे आजोबा माझ्या थोरल्या भावाच्या नावाने ‘त्याची आई’ म्हणून हाक मारत. वडील नावाने हाक मारण्याचा प्रश्नच नव्हता; ते ‘अगं’ म्हणत. शिधापत्रिकेवर ती कुटुंबप्रमुखाची पत्नी होती. तिचे नाव मोठ्या अक्षरांत कोठेतरी लिहिलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि आईनेही बहुधा पहिल्यांदाच पाहिले असावे, कारण रांगोळी हातात घेण्यापूर्वी ती बराच वेळ फळ्याकडे पाहत उभी होती.

मग ती बसली आणि तिचा सगळा संकोच गेला. चिमटीतून रेघ सुटत होती आणि बाई सर्वांत मागे, हातात वही घेऊन उभ्या होत्या. मधेच त्यांनी विचारले, “कासवाचे चारही पाय वरून दिसतात, पण डोके बाजूने दिसते, असे का?” आई मान वर न करता म्हणाली, “तसंच असतं ते. नाहीतर कासव आहे हे कळणार कसं?” बाई इतक्या मोठ्याने हसल्या, की मुख्याध्यापिकाबाई बाहेर येऊन पाहू लागल्या. त्याचे कारण असे, की गेले कित्येक महिने बाई आम्हांला टेबलावरची बादली एकाच जागेवरून पाहून काढायला शिकवत होत्या, तिची वरची कड लंबगोल का दिसते ते समजावत होत्या. आणि इथे आईने एका वाक्यात चित्र काढण्याची दुसरीच रीत सांगितली होती. प्रत्येक वस्तू जिथून सर्वांत चांगली ओळखू येते तिथून ती काढायची, ही ती रीत. त्या शनिवारी बाईंनी दोन्ही रीती खऱ्या आहेत असे सांगितले आणि परीक्षेला कोणती वापरायची तेही सांगितले. त्या व्यवहारी होत्या.

पुढच्या तासाला त्यांनी वारली चित्रांचा विषय काढला. आपल्या जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर आणि पलीकडे जव्हार, डहाणूकडे लग्नघरी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तो सवाशिणी लिहितात, त्यात पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही, हे सर्व आम्ही त्यांच्याकडून ऐकले. जिव्या सोमा मशे यांचे नावही तेव्हाच कानावर पडले. गंजाडच्या या चित्रकाराला १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पुढे २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. बायकांनी लग्नापुरता भिंतीवर लिहायचा चौक त्यांनी कागदावर आणला आणि त्यात शेत, तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य, मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ असे सगळे गाव वसवले. हे ऐकून आमच्यापैकी अर्ध्या मुलींनी संकल्पचित्रात तारप्याचा फेर काढायला सुरुवात केली. बाईंनी ते कागद परत केले. “दुसऱ्याच्या भिंतीवरचे उचलण्याआधी आपल्या उंबऱ्यावर काय आहे ते पाहा,” एवढेच त्या म्हणाल्या.

हे एक वाक्य मी आयुष्यभर पाळत आले, असे म्हटले तर ते शाळेच्या स्मरणिकेत शोभेल, आणि योगायोगाने ते खरेही आहे. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. देशाच्या नोटा १९२८ पासून तिथे छापल्या जातात. कागदाच्या कपट्याचाही तिथे हिशोब असतो. घरी मात्र आईने काढलेले सगळे दुसऱ्या दिवशी केरसुणीने जात असे. शाळेतला तो शनिवार झाल्यावर वडिलांनी प्रथम ‘मानधन किती दिले?’ असे विचारले, आणि दुसऱ्या दिवशी दोनशेपानी कोरी वही आणून आईपुढे ठेवली. आईने नाखुषीने, बॉलपेनने, एकेक आकृती तीत काढली. कागदावर हात अडखळतो, अशी तिची कायमची तक्रार होती. तीच वही आज माझ्या टेबलावर आहे. नोकरी, लग्न, सासूबाईंचे दीर्घ आजारपण आणि मुलांच्या परीक्षा यांतून मोकळी झाल्यावर मी कापडावर रंगवू लागले, तेव्हा त्या वहीतली गोपद्मे, कासवे आणि फणी-करंडे उशांच्या अभ्र्यांवर, टेबलक्लॉथवर आणि कापडी पिशव्यांवर आली. आज चार जणी माझ्याबरोबर काम करतात. नाशिक, पुणे आणि मुंबईच्या प्रदर्शनांत आमचा माल जातो आणि दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आमचे चैत्रांगण छापून आले. जळगावची सून घरात आल्यापासून पिशव्यांवर भुलाबाई-भुलोजी, म्हणजे खानदेशातले पार्वती-शंकर, हेही बसू लागले आहेत. ते तिच्या अंगणातले आहेत, म्हणून ते तिनेच रंगवायचे, असा घरात नियम आहे.

प्रदर्शनात येणारे दहांतले सात जण पहिला प्रश्न विचारतात, “हे वारली आहे ना?” पांढऱ्या रेषा आणि गेरूचा रंग दिसला, की लोक तेवढेच ओळखतात. उड्डाणपुलाच्या खांबांवर, चहाच्या कपांवर, मोबाइलच्या कव्हरांवर तारप्याचा फेर इतक्या वेळा छापला गेला आहे, की त्या फेरामागे लग्नाचा चौक आहे आणि चौकात देवी आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. “हे वारली नाही, आमच्या अंगणातले आहे,” असे सांगितल्यावर काही जण हिरमुसून पुढे जातात. वारली चित्र वारल्याकडून घ्या, असे मी त्यांना सांगते आणि ठाऊक असेल तर गावही सांगते. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे नाही, असे माझ्या मुलाचे मत आहे.

बाई निवृत्त झाल्यावर मी माझी पहिली पिशवी त्यांना नेऊन दिली होती. नंतर एकदा गेले तेव्हा ती दाराच्या खुंटीला लटकत होती आणि तीत दुधी भोपळा होता. बाईंनी कासवाचे कौतुक केले, गोपद्मांमधले अंतर कमी-जास्त झाल्याचे दाखवून दिले आणि पट्ट्याची शिवण कच्ची असल्याचेही सांगितले. तेव्हापासून आमच्या सर्व पिशव्यांच्या पट्ट्यांना दुहेरी शिवण असते. आज बाई नाहीत आणि आईही नाही. तिवंध्याचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली आहे.

मागच्या महिन्यात समितीच्या बैठकीसाठी शाळेत आले होते. चित्रकलेचा वर्ग आता संगणक कक्ष झाला आहे, पटांगणात पेव्हर ब्लॉक बसले आहेत, आणि प्रवेशद्वाराशी स्वागतासाठी प्लास्टिकची चिकटवायची रांगोळी होती, तीवर गोपद्मेही छापलेली होती आणि गाईची खुरे उलट्या दिशेने, दाराबाहेर निघालेली होती. बाईंनी ती तिथल्या तिथे उचकटायला लावली असती, यात मला शंका नाही. काळाप्रमाणे शाळेने बदलले पाहिजे हे मला कळते आणि संगणकाला माझा विरोध नाही, तरी त्या वर्गाच्या खिडकीतला उत्तरेचा उजेड संगणकाच्या काय उपयोगाचा, हा प्रश्न मी अध्यक्षांना विचारलाच. ते हसले.

त्याच बैठकीत मी एक प्रस्ताव मांडला आहे, तो इथेही नोंदवते. महोत्सवी वर्षाच्या चैत्रात, वार्षिक परीक्षेच्या आधीच्या एखाद्या शनिवारी, सभागृहाच्या फरशीवर पुन्हा एकदा चैत्रांगण काढावे. आठवीच्या प्रत्येक मुलीने आपल्या घरातली एक आकृती विचारून आणावी. ज्या घरात चैत्रगौर बसत नाही त्या घरातही काहीतरी असेलच: ओट्यावरची नक्षी असेल, गोधडीचा टाका असेल, मेंदीतला वेल असेल, त्यालाही त्या चौकोनात जागा मिळावी. गेरू आणि रांगोळी मी आणीन. आंब्याची डाळ माजी विद्यार्थिनींनी घरून करून आणावी, मात्र ती मिक्सरमध्ये फार बारीक वाटू नये. फरशी धुण्याचे काय, हा प्रश्न सध्याच्या शिपाईमामांनी बैठकीतच उपस्थित केला आहे, आणि ती आम्ही १९८३ च्या तुकडीच्या मैत्रिणी धुऊ, असे मी सर्वांच्या वतीने त्यांना परस्पर कबूल करून आले आहे.